पगाराचं बोलायला कोण येणार?

इंदापूरच्या दूध शीतकरण केंद्रात मला नऊशे रुपये पगार होता. तो कसा ठरला, असं कुणी विचारलं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. रुजू व्हायला गेले त्या दिवशी केंद्राचे प्रमुख म्हणाले, "सध्या नऊशे मिळतील." मी म्हटलं, "चालेल, सर." एवढ्यावर माझ्या पहिल्या नोकरीचा व्यवहार उरकला. बाहेर येऊन मी नळावर पाणी प्याले आणि कामाला लागले.

काम मला आवडायचं. सकाळी आजूबाजूच्या गावांचे टेम्पो यायचे, कॅन उतरायचे आणि प्रत्येक गावच्या दुधाचा नमुना माझ्या टेबलावर यायचा. काचेच्या नळीत ॲसिड घ्यायचं, त्यावर मोजून दूध सोडायचं, बूच लावून नळ्या यंत्रात फिरवायच्या आणि वर आलेली पिवळसर रेघ वाचायची. तीच त्या दुधाची फॅट. दुधाचा भाव त्या रेघेवर ठरायचा, त्यामुळे पहिल्या पहिल्यांदा टेम्पोवाले माझ्या खांद्यावरून डोकवायचे. "बाई, नीट बघा की, आमची एवढी कमी कशी लागंल?" मी नळी त्यांच्याच हातात द्यायची. म्हणायची, "तुम्ही वाचा." मग हळूहळू डोकावणं थांबलं.

माझं माहेर मोरगावचं. कोरडवाहू रान, ज्वारी-बाजरी, दारात चार शेळ्या. तिथून रोज एसटीनं बारामतीला जाऊन मी बी.एस्सी. केलं. लग्न होऊन डाळजला आले तेव्हा सासरी दोनच माणसं होती. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि त्यांची आई. सासूबाईंना मी आमच्याकडच्या रीतीनं आत्या म्हणायची. आत्यांचं सासर मेंढपाळाचं. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांनी कळपामागं चालत काढली होती, दिवाळी झाली की घाट उतरून कोकणाकडं, पाऊस आला की परत देशावर. पुढं रानाला पाणी आलं, मेंढरं विकली, थोडा ऊस लावला. मामा, म्हणजे माझे सासरे, मी येण्याआधीच गेले होते. आत्या उसाचं, गाईंचं आणि आम्हा दोघांचंही बघायच्या.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत बारामतीच्या एमआयडीसीत नवे कारखाने उभे राहत होते. एका संध्याकाळी हे शाळेतून आले ते हातात पेपर घेऊनच. आतल्या पानावर चार ओळींची जाहिरात होती. नव्या खासगी डेअरीला केमिस्ट पाहिजे, बी.एस्सी., दुधाचा अनुभव असल्यास प्राधान्य. हे म्हणाले, "ही जाहिरात तुझ्यासाठीच दिलीय बघ." मी म्हटलं, "पुरुष पाहिजे असेल." ते म्हणाले, "तसं लिहिलेलं नाही." मी अर्ज टाकला आणि पंधरवड्यात बोलावणं आलं.

डाळजहून भिगवणला जायचं आणि तिथून बारामतीची गाडी धरायची. एमआयडीसी बारामतीच्या अलीकडंच लागते. डेअरी लहानशीच होती, नव्या रंगाचा वास येत होता. बाहेरच्या खोलीत एक टायपिस्ट बाई बसल्या होत्या, माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी मला पाणी दिलं, कुठून आलात विचारलं आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "आधीचे केमिस्ट तीन महिन्यांत सोडून गेले. बावीसशे होते त्यांना." मी विचारलंही नव्हतं. पण तो आकडा माझ्या डोक्यात जाऊन बसला.

मालक पन्नाशीचे होते. पांढरा सफारी, कपाळावर बुक्का, बोलणं मोकळं. आधी त्यांचं पेंडीचं दुकान होतं, गावोगावच्या गाईम्हशींना त्यांचीच पेंड जायची. आता दुधात उतरले होते. त्यांनी माझं प्रमाणपत्र उलटंसुलटं करून बघितलं आणि बाजूला ठेवलं. "कागद राहू द्या. करून दाखवा." मला प्रयोगशाळेत नेलं. खोली कोंदट, एकच खिडकी, तीही पोत्यांनी अडवलेली. ॲसिडच्या वाफेनं माझे डोळे चुरचुरले. तीन नमुने मी त्यांच्यासमोर तपासले. एकात पाणी होतं, तसं सांगितलं. ते खुश झाले. ते पाणी त्यांनीच घातलं होतं.

परत खुर्चीत बसल्यावर त्यांनी कामं सांगितली. आलेलं दूध तपासायचं, पिशवीत भरलेलं तपासायचं, दही, श्रीखंड, भेसळ, हाताखाली दोन नवी पोरं, त्यांना शिकवायचं. मी प्रत्येकाला मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"शिक्षक आहेत."

"वा! मग असं करा, पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन या. किंवा घरातल्या कुणा मोठ्या माणसाला. पगाराचं त्यांच्याशी बोलू."

मी "बरं" म्हणून उठले. बाहेर टायपिस्ट बाईंनी भुवया उंचावून विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी माझा भाऊ आला होता," आणि पुन्हा टाइप करायला लागल्या.

गाडीत बसल्यावर मला त्या बोलण्याचं वाईट वाटायला लागलं. मालकांनी अपमान केला असं नव्हे. उलट त्यांना ती अदबच वाटली असणार. पण नमुने तपासले मी, पाणी पकडलं मी, आणि पगाराचं बोलायला दुसरं कुणी! तरी खरं सांगायचं तर मनातून थोडं हायसंही वाटत होतं. हे बोलतील, आपण शेजारी बसू, सुटलो.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं तर ते चक्क हात जोडून म्हणाले, "मला नेऊ नकोस."

"का हो?"

"अगं, मला जमत नाही ते. सायकल घेतली तेव्हाची गोष्ट आईला विचार."

आत्या चुलीपुढून म्हणाल्या, "इकनारा म्हनला साडेतीनशे, ह्यानं चारशे दिलं. म्हनं, सायकल चांगली हाय, गडी गरीब हाय."

"खरंच चांगली होती सायकल," हे म्हणाले. "मी आलो तर ते पहिला आकडा सांगतील त्याला हो म्हणून येईन. तुझं नुकसान होईल. शिवाय शाळा आहे."

मग आत्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "घरातलं मोठं माणूस म्हनला न्हवं त्यो? मग मी हाय की. मी येती."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी दुसरीकडं बघितलं.

जेवणं झाल्यावर आत्या ओसरीवर बाजेवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "ये हितं. मी मालक हाय. बोल." ह्यांचा चष्मा उचलून त्यांनी नाकावर चढवला. हे हसायला लागले तर त्यांना दम दिला, "मास्तर, तुमी वह्या तपासा." मग माझ्याकडं बघून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "हं बाई, किती पाहिजे पगार?"

मला हसू येत होतं. मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल तेवढा द्या."

आत्यांनी चष्मा काढला. "मेंढरू इकायला आलेला माणूस असं बोलला तर त्याला कुनी मेंढराचं पैसं देईल व्हय? फुकट न्हेतील. आकडा बोल."

"बावीसशे," मी पुटपुटले.

"कानात काय सांगतीस? त्यो टेबलाच्या पल्याड बसनार हाय."

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा. चौथ्यांदा की पाचव्यांदा आवाज नीट निघाला. अंगणात बांधलेल्या गाईनंसुद्धा मान वर केली. गंमत म्हणजे तोपर्यंत तो आकडा मला केवळ आधीच्या केमिस्टचा वाटत होता. मोठ्यानं म्हणता म्हणता तो माझा वाटायला लागला. दिवसभर उभं राहायचं, ॲसिडशी खेळायचं, वाचलेल्या रेघेची जबाबदारी घ्यायची. का नको?

आत्यांनी आणखी एक शिकवलं. "त्यो कमीच सांगनार. तू एक डाव 'न्हाय' म्हनायचं, आनि उठायचं. बाजारात उठलं की मागनं हाक येती." ह्यांनी वह्यांतून डोकं वर काढून सांगितलं, "आताचा पगार विचारला तर बाराशे सांग." मी म्हटलं, "खोटं नाही सांगणार." ते म्हणाले, "हो, तेही बरोबरच आहे," आणि पुन्हा वह्यांत शिरले.

दुसऱ्या दिवशी इंदापूरला केंद्राच्या प्रमुखांना मी आपण होऊन बारामतीचं सांगितलं. निवृत्तीला आलेले गृहस्थ, स्वभावानं सरळ. त्यांनी चष्मा पुसला. "मला तुम्हाला थांबा म्हणता येत नाही. इथली वाढ माझ्या हातात नाही, वरून मंजुरी यावी लागते, आणि ती कधी येईल ते मला माहीत नाही. जात असाल तर एकच सांगतो. जे ठरेल ते लिहून घ्या. मालक चांगला असला तरी घ्या." मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनाही ते अनपेक्षित होतं आणि मलाही.

ठरल्या दिवशी आत्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या. भिगवणला गाडी बदलताना त्यांनी एका ओळखीच्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सुनंच्या नोकरीचं बोलाया चाललीय." डेअरीत शिरलो तर मालक दारातच होते. त्यांनी आधी आमच्या मागं बघितलं, आणखी कोणी आहे का म्हणून.

"मिस्टर नाही आले?"

"त्यांची शाळा आहे," मी म्हटलं. "घरातलं मोठं माणूस आणा म्हणाला होतात. या आमच्या घरातल्या मोठ्या."

"या या, मावशी. बसा." खुर्ची त्यांनी स्वतः सरकवली. मग बराच वेळ ते आत्यांशीच बोलत राहिले. गाई किती, पेंड कुठली, ऊस कितीचा. त्यांची पेंड आमच्या मामांच्या वेळी घरी यायची असं निघालं, तेव्हा तर ते जास्तच खुलले. शेवटी म्हणाले, "तर मावशी, मुलगी हुशार आहे. मी तपासून बघितलंय. तिला चौदाशे देऊ."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "मला कशाला सांगताय, दादा? दूध तपासाया मी येनार हाय व्हय? जी येनार तिला सांगा."

"तसं नाही, मोठ्यांच्या कानावर घातलेलं बरं असतं."

"कानावर पडतंयच की. मी ऐकाया आलीय. तुमी दोघं बोला." आणि त्यांनी खुर्ची मागं ओढून घेतली.

मालक माझ्याकडं वळले. त्यांनाही थोडं अवघडल्यासारखं झालं असावं. त्यांनी पेन उचलून ठेवलं. "आता किती मिळतात तुम्हाला?"

"नऊशे."

"मग बघा की. मी एकदम पाचशे वाढवून देतोय."

"साहेब, ते नऊशे इंदापूरच्या कामाचे आहेत," मी म्हटलं. "तिथं मी फक्त आलेलं दूध तपासते. इथं पिशवी आहे, दही आहे, श्रीखंड आहे, भेसळ आहे, दोन मुलांना शिकवायचं आहे. तुम्हीच परवा सांगितलंत. मला बावीसशे पाहिजेत."

मालक म्हणाले, "बावीसशे? हा आकडा कुठून आला?"

"आधीच्या केमिस्टना तेवढे होते, असं ऐकलं."

बाहेरच्या खोलीतली टाइपची टकटक थांबली. पण कुणाकडून ऐकलं, हे मालकांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "त्यांच्यावर चार माणसं अवलंबून होती, बाई. बिऱ्हाड होतं. तुमच्याकडं मास्तरांचा पगार येतोच की. तुम्हाला कशाला तेवढे लागतात?"

हे मात्र मी ओसरीवर पाठ केलेलं नव्हतं. मग आमच्या कामातलंच तोंडात आलं. "साहेब, मी दूध तपासते तेव्हा ते ज्याचं आहे त्याच्या घरी आणखी किती म्हशी आहेत, हे बघत नाही. नळीत जेवढं दिसतं तेवढं लिहिते."

मालकांनी पेन पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. रागावले असावेत असं मला वाटलं. मग म्हणाले, "सोळाशे."

आता उठायची वेळ होती. मी "नाही जमणार, साहेब. येते मी," म्हणून खुर्ची मागं सरकवली आणि उठले. पर्स खांद्याला लावली. दाराकडं दोन पावलं टाकली. आणि बघते तर आत्या जागच्या हलल्याच नाहीत. नेमका तेवढ्यात चहा आला होता. त्यांनी कपातला चहा बशीत ओतला होता आणि त्या शांतपणे फुंकर मारत होत्या.

"आत्या," मी दाराजवळून म्हटलं.

"च्या आलाय," त्या म्हणाल्या. "बस की. निवंल."

मी परत येऊन बसले. दुसरं काय करणार? माझे कान तापले होते. मालकांनी तोंडावर हात धरला, पण त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. शेवटी ते मोठ्यानं हसलेच. "मावशी, तुम्ही सुनेच्या बाजूनं आहात की माझ्या?"

"आत्ता तरी मी च्याच्या बाजूनं हाय," आत्या म्हणाल्या.

मग मीही हसले. त्या हसण्यानंतर खोलीतली हवाच बदलली. मालक खुर्चीत मागं टेकले आणि पहिल्यांदाच सरळ बोलले. "ऐका. धंदा नवा आहे. उन्हाळ्यात दूध आटतं, तेव्हा काय होईल ते मलाच माहीत नाही. आज बावीसशे दिले तर मला झेपणार नाहीत, हे खरं सांगतो. अठराशे देतो. सहा महिने काम करा, मग बावीसशेचा विचार करू."

अठराशे म्हणजे माझ्या पगाराच्या दुप्पट. माझं मन केव्हाच हो म्हणून बसलं होतं. तरी मी म्हटलं, "विचार नको, साहेब. काम पसंत पडलं तर सहा महिन्यांनी बावीसशे. नाही पडलं तर तसं स्पष्ट सांगा."

"बरं. दिला शब्द."

"पत्रात लिहून द्याल?"

इथं त्यांचा चेहरा जरा उतरला. "इतकी वर्षं पेंडीचा धंदा केला, बाई. कुणाला कागद द्यावा लागला नाही."

"तुमच्या शब्दावर अविश्वास नाही," मी म्हटलं. "पण सहा महिन्यांनी आठवण करायची वेळ आली तर मलाच संकोच वाटेल. कागद असला की आठवण करणं सोपं जातं."

त्यांनी आत्यांकडं बघितलं. आत्या बशी चाटूनपुसून रिकामी करत होत्या. मालकांनी टायपिस्ट बाईंना हाक मारली. त्या लगेच आल्या, दाराशीच उभ्या असाव्यात.

"आणखी काही?" मालकांनी विचारलं. ते थट्टेनं विचारत होते. पण मला खरंच आणखी होतं.

"संध्याकाळी भिगवणची गाडी चुकली तर तुमचा दुधाचा टेम्पो त्या बाजूला जातो, त्यात केबिनमध्ये बसून जाईन."

"जा की. आणखी?"

"प्रयोगशाळेत वाफ बाहेर काढणारा पंखा पाहिजे, आणि खिडकीतली पोती हलवायला पाहिजेत."

"पंखा? आधीच्या केमिस्टनी कधी मागितला नाही."

"ते सारखे खोकायचे मात्र," टायपिस्ट बाई म्हणाल्या. मालकांनी त्यांच्याकडं वळून बघितलं. मग म्हणाले, "लिहा. पंखा पण लिहा."

असं माझं नेमणुकीचं पत्र तयार झालं. त्यात पगार होता, सहा महिन्यांची अट होती आणि एक पंखा होता.

परतीच्या गाडीत मी आत्यांना विचारलं, "तुम्हीच म्हणाला होता उठायचं. मग तुम्ही का नाही उठलात?"

"मेंढराच्या बाजारात च्या कोन देतो?" त्या म्हणाल्या. "च्या दिल्यावर उठून जानं बरं दिसत न्हाय." थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "म्हशीचं बोललीस ते मला सुचलं नसतं." एवढंच. पण भिगवण येईपर्यंत मी ते मनात घोळवत होते.

घरी ह्यांनी भात लावून ठेवला होता, थोडा करपलेला. आकडा ऐकून ते म्हणाले, "मी असतो तर चौदाशेलाच पेढे वाटत आलो असतो." मग पत्र हातात घेऊन त्यांनी ते मुलांचा निबंध वाचावा तसं मोठ्यानं वाचलं. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुकाही काढल्या.

नोकरी चांगली चालली. पंखा पहिल्याच आठवड्यात लागला. दुसऱ्या महिन्यात मी दोन पोरांना नळी वाचायला शिकवली. त्यातला एक माझ्यापेक्षा हळुवार हातानं दूध सोडायचा. दुपारी मी आणि टायपिस्ट बाई एकत्र डबा खायचो. त्यांच्या डब्यात शेंगदाण्याची आमटी असली की मी माझी भाजी त्यांना देऊन टाकायची. गाडी चुकायची तेव्हा टेम्पोच्या केबिनमधून उसाच्या रानांमधून घरी यायचं. ड्रायव्हर काका फार बोलायचे नाहीत, पण मोठा खड्डा आला की आधी सांगायचे, "धरा, बाई."

सहा महिने पुरे झाले ते नेमके भर उन्हाळ्यात. दूध निम्म्यावर आलं होतं, मालकांचा चेहराही तसाच. मी तरीही गेले, या वेळी एकटीच. त्यांनी विचारलं, "मावशी नाही आल्या?"

"त्या उसाला पाणी देतायत."

त्यांनी पत्र मागितलं नाही. अट त्यांच्या लक्षात होती. "काम पसंत आहे, त्यात शंका नाही," ते म्हणाले. "पण आत्ता दुधाची स्थिती बघताय तुम्ही. पाऊस पडू द्या, दोन महिने थांबा."

दुधाची स्थिती मलाच सगळ्यांत आधी कळायची, कारण नमुने माझ्याकडं यायचे. ते खोटं बोलत नव्हते. मी म्हटलं, "थांबते, साहेब. पण वाढ सुरू होईल तेव्हा या दोन महिन्यांचाही फरक द्या."

ते हसले. "हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. आत्ताच सुचलं."

पावसाळ्यात दूध वाढलं आणि त्यांनी फरकासह बावीसशे दिले. मला आठवणही करावी लागली नाही, त्यांनी आपण होऊन बोलावलं. त्याच महिन्यात टायपिस्ट बाई एका दुपारी डबा न उघडताच उठल्या, पदर सारखा केला आणि मालकांच्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे भरलेले होते आणि त्या हसत होत्या. किती वाढवून मिळाले ते त्यांनी मला सांगितलं आणि वर बजावलं, "भावाला सांगू नका हं."

श्रावणात एका रविवारी आम्ही मोरगावला गेलो. गणपतीचं दर्शन घेऊन घरी आलो तर आई बाजरी निवडत होती आणि वडील शेळीच्या पायाला चिंधी बांधत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आता किती देतात बारामतीला?" मी सांगितलं. त्यांनी चिंधीची गाठ नीट मारली, शेळीला सोडलं, हात धुतले. मग रस्त्यानं शेजारचे तात्या चालले होते, त्यांना हाक मारून थांबवलं. मी आतून ऐकत होते.

"लेक आलीय," वडील सांगत होते. "बारामतीच्या डेअरीत केमिस्ट हाय. तीन हजार पगार हाय तिला."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. शिक्षकाला चुकीचा आकडा सहन होत नाही, ते उठायलाच निघाले होते. मी त्यांचा शर्ट धरून त्यांना खाली बसवलं. बाहेर तात्या म्हणत होते, "तीन हजार! व्हय का?" आणि वडील म्हणत होते, "व्हय, आनि वाढतोय अजून."